जहाजांचं इंधन 'स्वच्छ' झालं म्हणतात, मग माझ्या खिडकीवरची काजळी का हटेना?

नीलाक्षी
मंडळी, बरेच दिवस विचारायचं होतं. आमचं घर बंदरापासून दोन-अडीच किलोमीटरवर, सातव्या मजल्यावर. दिवाणखान्याच्या खिडकीतून क्रेन दिसतात आणि नांगर टाकून ताटकळत असलेली जहाजं दिसतात. त्या खिडकीची चौकट मी दर दोन दिवसांनी ओल्या फडक्याने पुसते आणि फडकं काळं होतं. काळं म्हणजे धुळीचं करडं नव्हे, काजळीचं काळं.

जानेवारी २०२० पासून जगातल्या सगळ्या जहाजांना कमी गंधकाचं इंधन सक्तीचं झालं हे वाचून तेव्हा फार बरं वाटलं होतं. इतकी वर्षं झाली, फडकं होतं तसंच आहे. तर या नियमाने किनाऱ्यावरच्या हवेत खरंच काही फरक पडला का, की नुसताच गाजावाजा? जाणकारांनी लिहा, फार तांत्रिक नको.

टवाळ_तात्या
फडकं बदलून बघितलंत का?

बिलंदर_बेरकी
माझं मत आधीच सांगतो, कागदी घोडे. भर समुद्रात कोण तपासायला जातंय कुठल्या टाकीतलं तेल जळतंय ते. किनारा दिसला की चांगलं तेल लावायचं, किनारा मागे पडला की आहेच आपलं डांबर.

चीफसाब
नीलाक्षीताई, मी बावीस वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढलीत, फोर्थ इंजिनिअर म्हणून चढलो आणि चीफ इंजिनिअर म्हणून उतरलो, तेव्हा थोडं लिहितो.

जुनं जड तेल, ज्याला आम्ही एचएफओ म्हणतो, ते रिफायनरीत पेट्रोल-डिझेल काढून झाल्यावर तळाशी जे उरतं ते. गार असलं की वाहत नाही. टाकीत गरम ठेवायचं म्हणजे पंपाला ओढता येतं, प्युरिफायरला ९८ डिग्रीवर द्यायचं आणि इंजिनमध्ये जाताना १३०-१४० पर्यंत न्यायचं, तेव्हा कुठे ते नोझलमधून फवारलं जातं. एकदा अंगावर उडालं की तीन दिवस वास जात नाही. यात गंधकाची मर्यादा २०१२ च्या आधी ४.५ टक्के होती, मग ३.५ झाली आणि १ जानेवारी २०२० पासून ०.५. हे सगळं मार्पोल, म्हणजे जहाजांच्या प्रदूषणावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सहाव्या परिशिष्टात आहे, ते २००५ मध्ये लागू झालं.

आता तुमच्या प्रश्नाचं मूळ. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, तो बिनरंगाचा वायू. तो फडक्यावर येत नाही. फडक्यावर येतो तो कार्बन, म्हणजे अर्धवट जळलेलं इंधन, कुणाचंही. नियम गंधकाचा आहे, काजळीचा नाही.

टवाळ_तात्या
म्हणजे जे दिसत नव्हतं ते काढलं आणि जे दिसतंय ते ठेवलं. नेहमी उलटं असतं हो, दिसणाऱ्याला रंग फासतात.

गणिताचे_मास्तर
तांत्रिक नको म्हणालात तरी एक हिशोब करूच द्या, सातवीचा आहे.

एक टन इंधनात ३.५ टक्के गंधक म्हणजे ३५ किलो. गंधक जळताना तेवढ्याच वजनाचा ऑक्सिजन पकडतं, म्हणजे ७० किलो सल्फर डायऑक्साइड. ०.५ टक्क्याला १० किलो. काही समुद्रांत मर्यादा ०.१ टक्का आहे, तिथे २ किलो. आणि रस्त्यावरच्या १० पीपीएमवाल्या (दहा लाखांत दहा भाग गंधक) डिझेलला फक्त २० ग्रॅम.

धक्क्याला लागलेल्या एका जहाजाने जनरेटर आणि बॉयलर मिळून दिवसाला पाच टन जाळलं असं धरा. जुन्या मर्यादेला साडेतीन क्विंटल वायू तुमच्या खिडकीसमोर, नव्याला ५० किलो. फरक मोठा आहेच. पण ५० किलो म्हणजे शून्य नव्हे, आणि ०.५ टक्के म्हणजे अजूनही रस्त्यावरच्या डिझेलच्या ५०० पट गंधक. 'स्वच्छ' या शब्दाला अवतरणचिन्ह टाकलंत ते बरोबर केलंत.

चीफसाब
मास्तरांच्या हिशोबात एक भर. ३.५ ही मर्यादा होती, प्रत्यक्षात जगभरची सरासरी २.५ च्या थोडी वरच असायची. त्यामुळे खरी घट साधारण पाचातले चार भाग. आयएमओने, म्हणजे जहाजांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, स्वतः ७७ टक्के घट, वर्षाला अंदाजे ८५ लाख टन, असाच अंदाज दिला होता.

बेरकीसाहेब, तपासणीबद्दल. बंकर घेताना, म्हणजे जहाजात इंधन भरताना, भरायच्या पाइपाला एक नळी लावून थेंब थेंब नमुना गोळा होत राहतो, तेल भरून होईपर्यंत. मग त्याच्या बाटल्या करून दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी सील. जहाजावरची बाटली किमान १२ महिने ठेवायची, डिलिव्हरी नोट ३ वर्षं. बंदरात इन्स्पेक्टर आला की पहिलं कपाट तेच उघडायला लावतो. शिवाय १ मार्च २०२० पासून स्क्रबर नसलेल्या जहाजाने जास्त गंधकाचं तेल जाळायला म्हणून टाकीत *बाळगणं* हाच गुन्हा आहे. जाळताना पकडायची गरजच नाही, टाकीत सापडलं तरी पुरे. तुमची किनारा मागे पडल्यावरची युक्ती तिथेच बसली.

आणि हवेतूनही पकडतात. डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलावर धूर हुंगणारं यंत्र बसवलेलं आहे, जहाज खालून गेलं की धुरातलं सल्फर डायऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या प्रमाणावरून इंधनातलं गंधक काढतात. बेल्जियमचं विमान उत्तर समुद्रावर हेच करत फिरतं.

बिलंदर_बेरकी
बाळगण्यावरच बंदी आहे हे माहीत नव्हतं, अर्धा शब्द मागे घेतो. पण तुम्हीच "स्क्रबर नसलेल्या" म्हणालात ना? तिथेच पाणी मुरतंय.

मीठभाकर
अक्षरशः पाणी मुरतंय :)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्क्रबर म्हणजे चिमणीत बसवलेली आंघोळीची सोय. समुद्राचं पाणी धुरावर फवारायचं, पाण्याचा क्षारपणा गंधकाचं आम्ल खाऊन टाकतो, वर निघालेला धूर नियमात बसतो. मग जहाजाने खुशाल ३.५ टक्केवालं तेल जाळावं. अशी हजारो जहाजं आज फिरताहेत. आणि ते धुतलेलं पाणी? ओपन लूप असेल तर सरळ समुद्रात. एक मेगावॅट-तासाला साधारण ४५ टन पाणी लागतं, मोठ्या इंजिनाचा हिशोब तुम्हीच करा. पाणी आम्लधर्मी, त्यात व्हॅनेडियम, निकेल, तेलातले पीएएच नावाचे घातक कार्बनी पदार्थ. हवेतलं उचललं आणि पाण्यात टाकलं, घर झाडून कचरा शेजारच्या दारात ढकलावा तसं.

चीफसाब
मान्य. पण म्हणूनच बऱ्याच ठिकाणी आता ते चालत नाही. सिंगापूरने १ जानेवारी २०२० पासूनच बंदरात ओपन लूपचं पाणी सोडायला बंदी घातली, चीनच्या किनाऱ्यालगत बंदी आहे, डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड यांनी जुलै २०२५ पासून. तिथे जहाज क्लोज्ड लूपवर जातं, म्हणजे तेच पाणी फिरवून वापरतं, किंवा महागडं गॅसऑइल, म्हणजे डिझेलसारखं हलकं तेल लावतं. एवढं मात्र म्हणेन की किनाऱ्यावरच्या *हवेपुरतं* बोलायचं तर चालू स्क्रबर गंधकाचं काम चोख करतो. वाद पाण्याचा आहे.

श्वासमोजणी
मी छातीरोगाच्या ओपीडीत बसते, त्या बाजूने लिहिते. सल्फर डायऑक्साइड वायू म्हणून दम्याच्या रुग्णाला लगेच त्रास देतो, छाती आवळते. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे घडते. हवेत त्याचं हळूहळू सल्फेट होतं, अमोनियाबरोबर मिळून बारीक कण बनतात, ते पीएम २.५ मध्ये मोजले जातात. हे कण फुप्फुसाच्या अगदी टोकापर्यंत जातात आणि हृदयविकाराशी त्यांचा संबंध पक्का आहे.

२०१८ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये सोफिएव्ह आणि सहकाऱ्यांचा पेपर आला होता. त्यांच्या मॉडेलप्रमाणे २०२० च्या नियमामुळे जहाजांच्या धुराने होणारे अकाली मृत्यू ३४ टक्क्यांनी आणि मुलांमधला दमा ५४ टक्क्यांनी कमी होणार होता. त्याच पेपरातलं पुढचं वाक्य कुणी सांगत नाही: इतकं करूनही वर्षाला सुमारे २.५ लाख मृत्यू आणि ६४ लाख बालदम्याची प्रकरणं उरतातच. हे मॉडेलचे आकडे आहेत, कुठल्या रजिस्टरमध्ये "मृत्यूचं कारण: जहाज" असं लिहिलेलं नसतं, पण अंदाज यायला पुरेसे आहेत.

टवाळ_तात्या
डॉक्टरबाई रात्री झोपायच्या आधी तुमच्या पोस्टी वाचू नयेत.

वाराबघ्या
एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही, वारा! दिवसा जमीन तापते, वारा समुद्रावरून आत येतो, रात्री उलट. जहाजांचा धूर रात्री समुद्रावर ढकलला जातो आणि सगळ्यांना वाटतं गेला एकदाचा, सकाळी दहा-अकराला वारा फिरला की तोच शिळा माल परत दारात. किनाऱ्यावरच्या माणसाला एकच धूर दोनदा मिळतो.

दुसरं म्हणजे समुद्रावरची हवा गार आणि स्थिर असते, त्यात धुराचा पट्टा न विस्कटता लांब जातो. तो जमिनीवर आला की खालून तापलेली हवा वर उकळत असते, ती त्या पट्ट्याला गाठून एकदम खाली खेचते. त्यामुळे कधीकधी अगदी काठावरच्या घरापेक्षा थोडं आतल्या घराला जास्त भोगावं लागतं. दोन-अडीच किलोमीटर आणि सातवा मजला म्हणजे नीलाक्षीताई तुम्ही बरोब्बर पंगतीत बसलाय.

श्वासमोजणी
वाराबघ्या, छान सांगितलंत. त्यात एक जोडते. सल्फेट बनायला वेळ लागतो, उन्हात तासाला काही टक्के असं. म्हणजे धुराचा वायू बंदराजवळच्याला आणि त्याचे कण दोन-चारशे किलोमीटर आतल्याला. ज्याने आयुष्यात जहाज पाहिलेलं नाही त्याच्याही छातीला या नियमाचा फायदा झालाय, त्याला पत्ता नाही इतकंच.

हरघडी_हजर
मी तर वाचलंय की जगातली सगळ्यात मोठी १५ जहाजं मिळून जगातल्या सगळ्या गाड्यांइतकं प्रदूषण करतात. मग गाड्यांच्या पीयूसीची नाटकं कशाला?

गणिताचे_मास्तर
आलं! कुणीतरी आणणार हे माहीत होतं. ते वाक्य फक्त गंधकाच्या ऑक्साइडांबद्दल होतं आणि जुन्या तेलाच्या काळातलं होतं. वर हिशोब दिलाय बघा, गाड्यांच्या इंधनात गंधक जवळजवळ उरलेलंच नाही, त्यामुळे गंधकाच्या शर्यतीत जहाज कुणालाही हरवणार. कार्बन डायऑक्साइडला हेच वाक्य लावलं तर साफ चूक, जगातली सगळी जहाजं मिळून साधारण ३ टक्के, आणि त्यात जगाचा ८० टक्क्यांहून जास्त माल इकडून तिकडे जातो.

हरघडी_हजर
ओके सर. पाय धरतो.

मेघदर्शी
सगळे कौतुक करताहेत तर मी मिठाचा खडा टाकतो. गंधकाचे कण ढग उजळ करतात. उपग्रहाच्या फोटोत समुद्रावरच्या ढगांत पांढऱ्या रेघा दिसायच्या, शिप ट्रॅक्स, जहाज गेलेल्या वाटेवर खडूने ओढल्यासारख्या. २०२० नंतर त्या रेघा एकदम विरळ झाल्या. उजळ ढग ऊन परत पाठवतात, ते कमी झाले म्हणजे समुद्राला थोडं जास्त ऊन मिळालं. २०२३ ला उत्तर अटलांटिक विक्रमी तापला तेव्हा यात या नियमाचा वाटा किती यावर शास्त्रज्ञांची चांगलीच जुंपली, जेम्स हॅन्सन म्हणतात बराच, बाकी अनेक जण म्हणतात थोडा. रोग परवडला पण औषध नको असं झालं नाही ना, एवढाच प्रश्न आहे.

मीठभाकर
म्हणजे लोकांनी धूर गिळून पृथ्वीला सावली धरायची?

मेघदर्शी
मी तसं म्हटलेलं नाही. तापवणारा कार्बन आपणच सोडतोय आणि गंधक त्यावर पांघरूण घालत होतं. पांघरूण काढलं तर आतलं दिसणारच. फक्त या नियमाचा हिशोब मांडताना ही ओळ गाळू नका.

श्वासमोजणी
मान्य आहे ओळ. पण माझ्या ओपीडीत येतो तो माणूस ढग घेऊन येत नाही.

नियंत्रक_मंडळ
हवामान बदलावरचा वाद वेगळ्या धाग्यावर न्यावा ही विनंती. इथे किनाऱ्यावरच्या हवेबद्दल.

नीलाक्षी
बापरे, दोन दिवस आले नाही तर केवढं लिहिलंय! सगळ्यांना धन्यवाद. पण फरक पडला हे कुणी हवेत *मोजलंय* का? हिशोब आणि मॉडेल सोडून, खरंखुरं यंत्र ठेवून.

गणिताचे_मास्तर
मोजलंय. २०२० चा डेटा जरा घोटाळ्याचा आहे, कारण त्याच वर्षी लॉकडाऊन आलं, गाड्या, कारखाने, क्रूझ सगळंच बंद, मग कमी झालेलं नक्की कशाने ते वेगळं काढावं लागतं. त्यापेक्षा आधीची उदाहरणं चोख आहेत.

बाल्टिक आणि उत्तर समुद्रात १ जानेवारी २०१५ ला मर्यादा १ टक्क्यावरून ०.१ वर आली, एका रात्रीत, बाकी काही बदललं नाही. डेन्मार्कमधल्या हवेत सल्फर डायऑक्साइड त्याच वर्षी जवळपास निम्म्याने उतरलं. कॅलिफोर्नियाने तर जुलै २००९ पासून किनाऱ्यापासून २४ सागरी मैलांच्या आत हलकं इंधन सक्तीचं केलं होतं. तिथली खूण व्हॅनेडियमची. जड तेलात व्हॅनेडियम असतं, इतर जळणात फारसं नसतं, त्यामुळे हवेतल्या कणांत ते सापडलं की जहाजाचा माग लागतो. नियम आला आणि सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवती व्हॅनेडियम स्पष्ट घसरलं. गंमत म्हणजे २०२० नंतरच्या नव्या मिश्र तेलांत व्हॅनेडियमच इतकं कमी आहे की शांघायमध्ये संशोधकांना कळलं, जुनी खूण आता चालत नाही. चोराने बूटच बदलले.

हाँगकाँगनेही जुलै २०१५ पासून धक्क्याला लागलेल्या जहाजांना ०.५ टक्के सक्तीचं केलं होतं, जगाच्या साडेचार वर्षं आधी. भूमध्य समुद्र १ मे २०२५ पासून ०.१ च्या यादीत आला.

चीफसाब
त्या ०.१ च्या हद्दीत शिरायचं म्हणजे काय असतं ते सांगतो, बाहेरच्यांना वाटतं बटण दाबलं की झालं.

हद्द यायच्या काही तास आधी चेंजओव्हर सुरू. १३० डिग्रीच्या तेलावरून ४०-४५ डिग्रीच्या गॅसऑइलवर यायचं, आणि मिनिटाला दोन डिग्रीपेक्षा जास्त तापमान उतरवायचं नाही, कारण फ्युएल पंपात प्लंजर आणि बॅरल यांच्यात फट असते केसाहून बारीक. एक लवकर आकसला की दुसऱ्याच्या मिठीत अडकतो. शिवाय गॅसऑइल पातळ, त्याला वंगणपणा कमी, जुन्या पंपांतून गळतं. कॅलिफोर्नियाच्या नियमानंतर सुरुवातीला इंजिन बंद पडण्याच्या घटना वाढल्या होत्या त्या याच्यामुळेच.

मी सेकंड होतो तेव्हाची गोष्ट. एका जहाजावर वेळ कमी होता म्हणून घाई केली, मीच केली, दुसऱ्याचं नाव घेत नाही. बंदरात वाट दाखवणारा पायलट वर आलेला, समोर पूल, आणि चार नंबरच्या युनिटचा पंप अडकला. इंजिनाचा ठेका बदलतो तो कानाला आधी कळतो, गेज नंतर दाखवतं. ब्रिजवरून फोन, "चीफ, व्हॉट हॅपन्ड?" चीफने माझ्याकडे पाहिलं फक्त. तो युनिट कट करून उरलेल्या पाचावर धक्क्याला लागलो. त्यानंतर मी आयुष्यात चेंजओव्हरला घाई केली नाही.

टवाळ_तात्या
चीफचं ते पाहणं हे या धाग्यातलं सगळ्यात घातक उत्सर्जन आहे.

मीठभाकर
पण मूळ प्रश्न काजळीचा, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं काय? त्यावर कुणी बोलत नाही. मास्तर, तेल बदलून ते कमी होतात का?

चीफसाब
नाही. नॉक्स हवेतल्याच नायट्रोजनपासून बनतो, सिलिंडरमधल्या तापमानाने. तेल कितीही गुणी असलं तरी तो बनणारच. त्याला वेगळा नियम आहे, टियर १, २, ३. टियर ३ मध्ये सुमारे ८० टक्के कमी, पण तो फक्त ठरलेल्या क्षेत्रांत आणि फक्त नव्या जहाजांना. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर १ जानेवारी २०१६ नंतर कील (जहाजाचा तळकणा) टाकलेल्यांना, बाल्टिक-उत्तर समुद्रात २०२१ नंतर. आता कील कधी टाकली यावर ठरतं म्हटल्यावर काय होणार? २०१५ संपायच्या आत शिपयार्डांत कील टाकायची झुंबड उडाली, जहाज बांधलं मग सावकाश.

बिलंदर_बेरकी
हे आमच्या कागदी घोड्यांच्या जवळ आलं. पूर्ण शब्द मागे घेतला नव्हता ते बरं झालं.

चीफसाब
थांबा, अजून एक खरी अडचण आहे. टियर ३ साठी धुरातला नॉक्स तोडणारं जे कॅटॅलिस्ट लावतात त्याला धूर गरम लागतो. बंदराजवळ जहाज हळू चालतं, इंजिनावर भार कमी, धूर गार, कॅटॅलिस्ट झोपलेलं. म्हणजे जिथे माणसं राहतात तिथेच त्याचा उपयोग सगळ्यात कमी. कमी भारावर इंजिन नीट जळतही नाही, टनामागे काजळीही तिथेच जास्त.

म्हणून किनाऱ्यापुरता खरा उतारा माझ्या मते तेल नाही, तार आहे. धक्क्याला लागल्यावर जमिनीवरून वीज घ्यायची आणि जनरेटर बंद. लॉस एंजेलिसने कंटेनर जहाजासाठी २००४ मध्ये सुरू केलं, युरोपच्या मोठ्या बंदरांना कंटेनर आणि प्रवासी जहाजांसाठी २०३० ची मुदत आहे. आवाज बंद होतो तेव्हा डेकवर उभं राहून विचित्रच वाटतं, पहिल्यांदा पाण्याचा आवाज ऐकू येतो.

ट्रेलर_चाळीसफुटी
पहिल्यांदाच लिहितोय, आतापर्यंत फक्त वाचत होतो. माझ्या गाड्या बंदरातून कंटेनर उचलतात. सगळे जहाजांच्या मागे लागलाय पण ताई, तुमच्या घराजवळून कंटेनरचा रस्ता जातो का? गेटवर नंबर लागेपर्यंत चार-चार तास गाडी उभी असते, इंजिन चालू, पुढची गाडी दहा फूट सरकली की आपणही दहा फूट. जुन्या गाड्यांचा धूर तर विचारू नका. शिवाय यार्डातल्या मशिनी, टायरची झीज. आपल्याच धंद्याविरुद्ध बोलतोय पण खरं ते खरं.

वाराबघ्या
चाळीसफुटींचा मुद्दा एकदम बरोबर. नीलाक्षीताई, एक घरगुती प्रयोग करा. काचेच्या दोन पट्ट्या घ्या, त्यावर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. एक बंदराकडच्या खिडकीत, एक मागच्या खिडकीत. तीन आठवडे ठेवा, रोज सकाळ-संध्याकाळ वारा कुठून आहे ते लिहून ठेवा. यातून सल्फर डायऑक्साइड कळणार नाही, पण तुमचं काळं कुठल्या बाजूने येतं ते कळेल.

चीफसाब
आणि भिंगातून बघा. चिमणीतून पडणारी काजळी बहुधा तेलकट, हलक्या पापुद्र्यांची असते, बोटाने चोळली की पसरते. बॉयलरचं सूट ब्लोइंग केलं, म्हणजे आत साठलेली काजळी फुंकून उडवली, की डेकवर पडते तशी. ते खरं म्हणजे बाहेर समुद्रात उरकून यायचं असतं.

टवाळ_तात्या
व्हॅसलिन फासलेली काच. धाग्याला पहिल्यांदाच खरं विज्ञान लाभलं.

नीलाक्षी
धागा वर आणतेय, तीन आठवडे झाले.

पट्ट्या ठेवल्या, वहीत वारा लिहिला, घरच्यांनी चेष्टा केली ती सहन केली. निकाल असा: मागच्या खिडकीतली पट्टी बंदराकडच्या पट्टीपेक्षा काळी. थोडी नाही, शेजारी ठेवल्या तर कुणालाही कळेल इतकी. मागे इमारतीपलीकडून कंटेनरचा रस्ता जातो, रात्रभर रांग असते, आणि माझ्या वहीप्रमाणे रात्री वारा बहुतेक वेळा जमिनीकडूनच.

आणि आता लाजत सांगते. मागच्या खिडकीची चौकट मी इतक्या वर्षांत कधी रोजची पुसलीच नव्हती, दिवाळीला पुसायची तेवढीच. तिकडून समुद्र दिसत नाही ना. काळं दिसलं समुद्राच्या बाजूला, समोर जहाज उभं, आरोपी तयार.

पण चीफसाब, बंदराकडची पट्टीही अगदी निर्दोष नाही. भिंगातून पाहिलं तर तुम्ही म्हणता तसे पापुद्रे आहेत, चोळले की पसरतात. आणि ते एका बाजूलाच जास्त आहेत, एखाद-दुसऱ्या दिवशी एकदम पडल्यासारखे.

चीफसाब
मग कुणीतरी नांगरावर सूट ब्लो केलंय, आळशी लेकाचा. बाहेर करून यायला काय झालं होतं.

ट्रेलर_चाळीसफुटी
ताई, रांगेत आमची गाडी असेल तर माफी असावी. ड्रायव्हरांना इंजिन बंद ठेवा म्हणून सांगितलंय, एसी नसला की ऐकत नाहीत.

वाराबघ्या
आता पट्ट्या दिवसाच्या वेगळ्या आणि रात्रीच्या वेगळ्या करा, उजाडताना आणि अंधार पडताना बदलायच्या. दोन्ही खिडक्यांत. वही तीच ठेवा.

नीलाक्षी
चार पट्ट्या कापून आणल्यात. आज संध्याकाळपासून सुरू करतेय.

टवाळ_तात्या
आणि फडकं?

नीलाक्षी
मागच्या खिडकीला लावलंय.